माकडांचा उस्ताद कोण?

पावसाळ्यात लोणावळ्याला गर्दी वाढली की माकडांच्या तक्रारीही वाढतात. राजमाची पॉइंटवर कुणाची पर्स ओढली, लायन्स पॉइंटवर पोराच्या हातातलं कणीस पळवलं. पर्यटक म्हणतात, माकडं फार चोरटी झालीत. मला हा शब्द मान्य नाही. ती शिकली आहेत, आणि ही शाळा आपणच चालवतो आहोत.

बी.एड. झालेल्या प्रत्येकाने पाव्हलॉवचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर आणि स्किनरचा उंदीर पाठ केलेला असतो. परीक्षा संपली की तिघेही विसरले जातात. पण स्किनरने दाखवलेली एक गोष्ट घाटात रोज दिसते. दर वेळी खाऊ मिळणारा प्राणी, खाऊ बंद झाला की लवकर नाद सोडतो. कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेला प्राणी मात्र चिवटपणे प्रयत्न करत राहतो. दहा गाड्या नुसत्या निघून गेल्या आणि अकरावीतून चिक्की पडली, तर बाराव्या गाडीला माकड येणारच. दात विचकल्यावर घाबरून पुडा टाकला, तर दात विचकण्याचंही बक्षीस मिळालं.

आपल्याकडची ही टोपीसारखे केस असलेली माकडं फक्त दक्षिण भारतात सापडतात. बंदीपूरच्या जंगलातल्या याच जातीच्या माकडांवर अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली माकडं माणसाकडे बघून हात पुढे करतात, विशिष्ट आवाज काढून खाऊ मागतात. म्हणजे समोरच्याचं लक्ष आहे का, हेही ती पाहतात. वर्गातल्या काही मुलांपेक्षा बरी!

आता सवाबाचं. कुणी शनिवारी मारुतीचं नाव घेऊन केळी देतो, कुणी आपल्यातला सहलीला आलेला माणूस तहानलेल्या कुत्र्याची हदीस ऐकवून वेफर्स फेकतो. त्या हदीसमधल्या माणसाने तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी आणून दिलं होतं. मागे अख्खं जंगल असलेल्या माकडाला वेफर्स देणं ही तशी गरज भागवणं नव्हे, ती आपली करमणूक आहे.

जनावर शिकतं, ही गोष्ट आपल्या दीनला नवी नाही. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. हनफी फिकहच्या किताबांत तर कसोटीही दिली आहे: कुत्र्याने तीन वेळा शिकार न खाता सोडली तर तो शिकलेला, आणि बहिरी ससाणा हाक मारल्यावर परत आला तर तो शिकलेला. वेगळ्या जनावराला वेगळी परीक्षा! शिकवण्याची जबाबदारी इथे माणसावर आहे. तीच जबाबदारी आपण घाटात गाडीची काच खाली करून झटकून टाकतो.

मग मागणी येते, माकडं पकडा आणि लांब सोडा. पण पिंजरा माकडाची शिकवण काढून घेत नाही. मावळातल्या आतल्या एखाद्या गावाजवळ सोडलेलं माकड तिथल्या शेतकऱ्याच्या परसात, चुलीपाशी तेच करणार. त्या शेतकऱ्याने कधी कुणाला वेफर्स दिलेले नसतात. खाऊ खरोखर बंद केला, तरी सुरुवातीला काही दिवस माकडं जास्तच अंगावर येतील. हेही प्रयोगशाळेत दिसलेलंच आहे. तेवढ्यात एकाने जरी दया येऊन पुडा फेकला, तरी सगळं पहिल्यापासून सुरू होतं, आणि या वेळी माकडाने आणखी जोरात ओढायचं शिकलेलं असतं.