मासा आणि मोक्ष
कोरियन धर्मगुरू सन म्युंग मून यांनी १९८० साली अमेरिकेत 'ओशन चर्च' काढलं. तिथल्या ग्लॉस्टर बंदरातून त्यांचे तरुण अनुयायी ब्लूफिन ट्यूनाच्या मागे निघाले. अंधारात होडी काढायची, नांगर टाकायचा, आमिषाचे तुकडे पाण्यात सोडत राहायचं आणि दोरीकडे डोळे लावून बसायचं. दोनशे किलोंचं धूड गळाला लागलं की तळहात सोलून निघणार! हीच साधना, असं मून मानत. त्यातलं ताटकळणं मला पटतं. गुरूचा उदोउदो मात्र पटत नाही. (गावातल्या जुन्या मच्छीमारांनाही ही मंडळी खपली नव्हती.) पुढे अमेरिकेतल्या सुशीवाल्यांना मासे पुरवणारा मोठा धंदा याच पंथाच्या लोकांनी उभारला. पोरांना समुद्रावर जरूर पाठवा, पण मासळीचे पैसे कुणाच्या खिशात जातात, तेही विचारा.