गुडघ्याचा पट्टा : आधार खरा, उपचार अपुरा

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत विडी वळणाऱ्या बायांचं काम मांडीवर सूप घेऊन, जमिनीवर बसूनच चालतं. उठताना एक हात भिंतीला, दुसरा गुडघ्यावर. दुखणं वाढलं की औषधाच्या दुकानातून पट्टा येतो. तो पैसा वायाच गेला म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण पट्ट्याने गुडघ्याची झीज थांबते हा समजही घातक आहे.

साध्या नी-कॅपने ऊब मिळते, गुडघा सावरल्यासारखा वाटतो, पायरी उतरायला धीर येतो. आतल्या बाजूने झीज होऊन पाय धनुष्यासारखा वाकला असेल, तर बिजागरीचा 'अनलोडर' पट्टा दुखऱ्या बाजूवरचा भार थोडा हलका करतो. चालणं कठीण झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पट्ट्याची ठाम शिफारस केली. वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या खाऊन पोट आणि मूत्रपिंड बिघडवण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच सौम्य आहे.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं, की पट्टा सरसकट देऊ नये. गुडघा अस्थिर असेल किंवा त्यावर चुकीचा भार पडत असेल, शिवाय पट्ट्याविना व्यायाम जमत नसेल, तरच द्यावा. अनलोडर महाग असतो आणि मापाचा नसला तर घसरतो. चैत्र-वैशाखात तंबाखूच्या वखारीत पट्ट्याखाली घामाने कातडी सोलवटते. जाड पट्टा बांधून मांडी घालता येत नाही, मग विड्या वळायच्या कशा?

म्हणून आमचं मत असं : पट्टा जरूर वापरावा, पण तपासणीनंतर, मापाने आणि चालण्या-कामापुरता. झोपताना तो काढावा. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावं. खरा उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम आणि आटोक्यातलं वजन. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

हे सगळं रुग्णाच्या माथी मारून भागणार नाही. १९७६ च्या कायद्याने विडी कामगारांच्या आरोग्यासाठी कल्याण निधी उभारला. विडी कामगारांच्या दवाखान्यांत आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत गुडघ्याचे व्यायाम प्रत्यक्ष करून दाखवणारा माणूस हवा, आणि त्या व्यायामांचं कागदावरचं मार्गदर्शन मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत मिळायला हवं. कारखानदारांनी बसायला पाट किंवा उंच आसन आणि मध्ये उठायची मुभा द्यावी. एवढं झालं, तरच पट्ट्यावर घातलेला पैसा सार्थकी लागेल.