रोजावरचा गडी

गेल्या दिवाळीत शिकागोचा माझा भाचा चार वर्षांनी घरी आला होता. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसला आणि चकली मोडता मोडता बेसबॉलच्या गोष्टींत रंगला. मीही मग कुठेसे वाचलेले एडविन जॅक्सन या पिचरचे नाव काढले. भाच्याचे तोंड एकदम कडू झाले. म्हणाला, "मामा, त्याचं नाव काढू नका! चौदा संघ फिरला आणि एकाही ठिकाणी टिकला नाही. आमच्या कब्ज संघानं त्याला चार वर्षांसाठी पाच कोटी वीस लाख डॉलर कबूल केले, आणि त्यानं काय दिलं? एका हंगामात अठरा पराभव! नुसता जर्नीमन आहे झालं."

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी लाडू तोंडात टाकला आणि गप्प बसलो. पण तो शेवटचा शब्द मनातून जाईना. भाचा एकटाच तसे म्हणतो असे नाही. अमेरिकेतले वृत्तपत्रकार म्हणतात, समालोचक म्हणतात, आणि म्हणताना ओठाचा एक कोपरा किंचित वाकडा करतात. त्या वाकड्या ओठाशी माझे भांडण आहे.

आधी शब्दाचाच निवाडा करू. 'जर्नीमन'मध्ये 'जर्नी' दिसते म्हणून लोक समजतात, सारखा प्रवास करणारा, बूड स्थिर नसलेला. शब्दाची कुळकथा निराळीच आहे. त्याचे मूळ फ्रेंच भाषेतल्या 'दिवसभराचे काम' या अर्थाच्या शब्दात आहे. जुन्या युरोपात ज्याची उमेदवारी पुरी झाली, ज्याचा हात तयार झाला, पण ज्याचे स्वतःचे दुकान नाही, असा कारागीर दिवसाच्या मजुरीवर काम करी. तो जर्नीमन. म्हणजे कसब पक्के आणि मालकी दुसऱ्याची. आपल्या मराठीने तर ही गोष्ट एकाच शब्दात बसवून ठेवली आहे. खेळातला तोही 'गडी' आणि रोजावर राबणारा तोही 'गडी'. यात शिवी कुठे आहे, ते मला कुणीतरी दाखवून द्यावे.

आता हा पिचर कोण, ते थोडक्यात सांगतो. आपल्या क्रिकेटमधल्या गोलंदाजाचा तो चुलतभाऊ. पण त्याच्या चेंडूला टप्पा पडत नाही. साठ फूट सहा इंच अंतरावरच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून तो चेंडू थेट फलंदाजाच्या पुढ्यात फेकतो. शंभरएक चेंडू असे जीव तोडून फेकले की दंडाचा आणि खांद्याचा पार पिट्ट्या पडतो, आणि सुरुवातीच्या पिचरला पुढे चार-पाच दिवस विश्रांती द्यावी लागते. उलट संघाला एका हंगामात १६२ सामने खेळायचे असतात, म्हणजे जवळजवळ रोजच. तेव्हा कितीही मोठा महारथी पदरी असला, तरी पाच दिवसांतले चार दिवस तो बाकावर बसलेला असतो. ते चार दिवस कुणी ओढायचे? तिथेच रोजावरच्या गड्याची हाक येते. ज्याला वाकडा ओठ दाखवायचा, त्याच्यावाचून हा खेळ आठवडाभरही चालणार नाही.

एडविन जॅक्सन १९८३ साली पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्म गावी जन्मला. बाप अमेरिकन सैन्यात शिपाई. ९ सप्टेंबर २००३ रोजी, नेमक्या आपल्या विसाव्या वाढदिवशी, लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघाने त्याला पहिल्यांदा मैदानात उतरवले. समोर अॅरिझोनाचा रँडी जॉन्सन, त्या काळचा अत्यंत धाकाचा पिचर. पोराने त्याच्यावर सामना जिंकला. लोक म्हणाले, हा उद्याचा महारथी.

तो महारथी झाला नाही, हे खरे. पण 'टिकला नाही' हा आरोप करणाऱ्याने पुढची वही जरा शांतपणे वाचावी. २००६ साली डॉजर्सने त्याला टॅम्पा बेला देऊन टाकले. २००८च्या अखेरीस टॅम्पाने डेट्रॉइटला दिले. डेट्रॉइटकडून २००९ साली तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात डेट्रॉइटने त्याला अॅरिझोनाला दिले. अॅरिझोनाने २०१० साली शिकागोच्या व्हाइट सॉक्सला दिले. २०११च्या २७ जुलैला व्हाइट सॉक्सने टोरोंटोला दिले आणि टोरोंटोने त्याच दिवशी सेंट लुईसला! टोरोंटोच्या यादीत तो काही तासांपुरता होता. तिथे त्याने एक चेंडूसुद्धा टाकला नाही.

वाचकहो, या साऱ्या वाक्यांचा कर्ता कोण आहे, ते पाहा. जॅक्सन कुठेच कर्ता नाही. सगळीकडे तो कर्म आहे. पहिल्या आठ वर्षांत सहा दरवाजे बदलले, आणि त्यांतला एकही त्याने आपल्या हाताने उघडलेला नाही. अदलाबदल हा तिथला मालकांचा हक्क. सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूला आपला संघ निवडता येत नाही. बदलीला नियमाने नकार देण्याचा हक्क मिळतो तो दहा वर्षे सेवा झालेल्याला, आणि त्यांतली शेवटची पाच सलग एकाच संघात काढलेल्याला. म्हणजे गंमत बघा. ज्याला सारखे हलवले, त्याला 'मला हलवू नका' म्हणण्याचा अधिकार कधी मिळायचाच नाही! आणि वर त्यालाच विचारायचे, बाबा रे, तू एका जागी का नाही राहिलास?

अॅरिझोनाची हकीकत तर विसरण्यासारखी नाही. २५ जून २०१० रोजी टॅम्पा बेच्या मैदानावर, आपल्याच जुन्या संघाविरुद्ध, जॅक्सनने संपूर्ण सामना एकट्याने टाकला आणि एकाही फलंदाजाला एकही 'हिट' मिळू दिली नाही. आठ जणांना चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिला तळ मिळाला, चेंडूंचा आकडा १४९ वर गेला, पण गडी उंचवट्यावरून खाली उतरला नाही. सामना १-० असा जिंकला. कित्येक नामवंत पिचरांना हे भाग्य जन्मात लाभत नाही. त्यानंतर बरोबर पस्तिसाव्या दिवशी अॅरिझोनाने त्याची रवानगी शिकागोला केली. आता निष्ठेच्या गोष्टी कुणी कुणाला सांगायच्या?

निष्ठा, एकनिष्ठा, एकाच झेंड्याखाली सारी हयात, हे शब्द कानाला फार गोड लागतात. पण या गोडव्याच्या पोटात काय होते, तेही एकदा बघितले पाहिजे. १८७९ पासून जवळजवळ शंभर वर्षे तिथल्या मालकांच्या करारपत्रात एक कलम असे. त्या कलमाच्या जोरावर गडी जन्मभर त्या मालकाचा. मालकाने ठेवले तर राहायचे, विकले तर जायचे, आणि दोन्ही नको असेल तर खेळणे सोडायचे. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. बारा हंगाम तिथे काढलेला तो माणूस म्हणाला, मी काही खरेदी-विक्रीची वस्तू नाही. तो न्यायालयात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. तोवर फ्लडचा खेळ संपला होता. पण ठिणगी विझली नाही. १९७५च्या डिसेंबरात अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या तक्रारीवर पीटर साइट्झ या लवादाने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि ते शंभर वर्षांचे दावे तुटले. लक्षात घ्या, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली दोघेही पिचर होते.

तेव्हा जुन्या काळचे खेळाडू एका संघात टिकत, ते सारेच प्रेमाने टिकत असे नाही. खुंटीला बांधलेला बैल गोठा सोडत नाही, याला आपण त्याची गोठ्यावरची भक्ती म्हणत नाही.

आता भाच्याच्या रागाकडे वळतो. त्याचा राग अगदीच निराधार नाही. जॅक्सनला मनासारखा, चार वर्षांचा करार मिळाला तो शिकागोच्या कब्जकडे, २०१३ साली. आणि त्याच वर्षी ८ विजय, १८ पराभव! करार पुरा व्हायच्या आत, २०१५ साली, क्लबने त्याला मोकळे केले. कबूल केलेले पैसे मात्र द्यावे लागले. शिकागोच्या प्रेक्षकाच्या पोटात दुखले तर त्याला मी दोष देणार नाही. पण ती किंमत जॅक्सनने बंदूक दाखवून वसूल केली नव्हती. मालकांनी चष्मे लावून, आकडे तपासून, आपण होऊन ठरवली होती. माल पारखण्यात व्यापारी चुकला, तर शिव्या मालाला का?

शिवाय या कोटींच्या आकड्यांनी डोळे दिपवून घेऊ नका. रोजावरचे बहुतेक गडी हे आकडे कधी पाहत नाहीत. मोठ्या लीगच्या खाली धाकट्या लीगच्या पायऱ्या आहेत, आणि हजारो पोरे तिथे बसच्या प्रवासात आपली उमेद घालवतात. अगदी वरच्या पायरीवरच्या खेळाडूला २०२२ पर्यंत वर्षाला कमीत कमी १७,५०० डॉलर मिळत. त्या वर्षी ही पोरे संघटनेत आली, तेव्हा कुठे २०२३च्या करारात ते ३५,८०० झाले. जॅक्सनही पस्तिशीला टेकल्यावर याच पायऱ्यांवर पुन्हा उभा राहिला. खिशात आयुष्याला पुरतील इतके डॉलर होते. घरी बसला असता तर कोण विचारणार होते?

तो बसला नाही. २०१८ साली ओकलंड संघाचे पिचर एकामागून एक जायबंदी झाले, तेव्हा धाकट्या लीगमधून याला वर बोलावले. १७ सामन्यांत ६ विजय, ३ पराभव, आणि ओकलंड बाद फेरीत पोचले. १५ मे २०१९ रोजी तो टोरोंटोकडून उतरला. आठ वर्षांपूर्वी ज्या संघाने काही तासांत वाटेला लावले, तोच त्याचा चौदावा संघ, आणि तोच विक्रम! आधीचा तेरा संघांचा विक्रम ऑक्टाव्हिओ डोटेल याचा होता. योगायोग असा की २०११ साली टोरोंटोने सेंट लुईसला जे गडी धाडले, त्यांत जॅक्सनबरोबर हा डोटेलही होता. दोघे पाठवलेले पाहुणे, आणि त्या वर्षी सेंट लुईसने वर्ल्ड सिरीज जिंकली. अगदी अलीकडे, २०२५ साली, रिच हिल याने पंचेचाळिसाव्या वर्षी चौदाव्या संघाचा अंगरखा चढवून जॅक्सनशी बरोबरी केली.

मी शाळामास्तर. गुणपत्रिका वाचण्यात माझे आयुष्य चालले आहे. जॅक्सनची पत्रिका अशी आहे : १७ हंगाम, १०७ विजय, १३३ पराभव. तिथल्या वहीत प्रत्येक सामन्याचा जय एका पिचरच्या नावावर आणि पराजय दुसऱ्या एकाच्या नावावर मांडतात. हे आकडे पाहून कुणीही म्हणेल, पोरगा नापास. पण पराभव नावावर पडायला आधी चेंडू हातात पडावा लागतो. १३३ पराभव झालेल्या माणसाच्या हाती सतरा वर्षे चौदा संघांनी चेंडू दिला, तो दयेपोटी दिला असे समजायचे का? धंदा करणाऱ्या मालकाला दया परवडत नाही. काम होत होते म्हणून दिला. चौदा दारे बदलली याचा अर्थ चौदा ठिकाणांहून हाकलले, असा भाचा करतो. चौदा ठिकाणी बोलावले, असाही त्याचा अर्थ होतो, आणि माझ्या मते तोच खरा.

१९०० हून अधिक डाव त्याने टाकले. त्यांतले बहुतेक डाव आज कुणाला आठवत नाहीत. महारथी विश्रांती घेत असताना, मंगळवारी, बुधवारी, अर्ध्या रिकाम्या मैदानात ते टाकले गेले. हंगाम पुरा होतो तो अशा डावांवर.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बेसबॉल संघ अंतिम सामन्यात जपानकडून हरला आणि त्याला रौप्यपदक मिळाले. त्या संघात सदतीस वर्षांचा एडविन जॅक्सन होता. चौदा संघांनंतर या वेळी अंगरख्यावर देशाचे नाव होते. पुढच्याच महिन्यात त्याने खेळ थांबवला.

यंदा भाच्याला रजा नाही, दिवाळीला तो येत नाही. हा अंक त्याला पोस्टाने पाठवणार आहे. वाचून त्याला राग आला तर येवो. पुढच्या खेपेला चकल्या मोडता मोडता आम्ही दोघे पुन्हा भांडू. पण 'जर्नीमन' म्हणताना त्याचा ओठ पूर्वीसारखा वाकडा झाला, तर मात्र मामा लाडू खाऊन गप्प बसणार नाही.