बॅकअप झाला म्हणजे नेमकं काय झालं?

"प्रोजेक्टचा बॅकअप घेतला का गं?" या प्रश्नाला आपल्या हॉस्टेलमध्ये एकच उत्तर ठरलेलं असतं. "हो, पेनड्राईव्हमध्ये आहे ना!" आणि पेनड्राईव्ह कुठे आहे? लॅपटॉपलाच लावलेला!

मित्रमैत्रिणींनो, हसू नका, मीही त्यातलीच होते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण मुद्दा मात्र अनुभवाचा आहे.

माझ्या मोठ्या बाबांची भंडाऱ्यात छोटी राईस मिल आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातून पाणी आलं, वैनगंगा फुगली आणि शहराच्या सखल भागात शिरली. मिलच्या ऑफिसात कमरेएवढं पाणी! टेबलाखालचा सीपीयू गेला. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण त्याच टेबलाच्या खालच्या खणात. धानाची खरेदी, भरडाई, बारदाना, कुणाला किती देणं, सगळं चिखलात. दिवाणजींनी शेतकऱ्यांकडच्या चिठ्ठ्या गोळा करून दोन महिने हिशेब परत लिहिला. पण ज्याची चिठ्ठीच पुरात वाहून गेली, त्याचं काय? मोठ्या बाबांनी अशांना त्यांच्या शब्दावर पैसे दिले. सगळेच मालक देतील का?

गेल्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "बेटा, तू इंजिनिअर होऊन राहिली ना? मंग लाव काहीतरी."

मी कामाला लागले. एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं, साम्बाने शेअर्ड फोल्डर केलं, आठ पोर्टचा स्विच, तीन कॉम्प्युटर, सर्व्हरला फिक्स आयपी. सर्व्हर जमिनीपासून पाच फूट उंच फळीवर ठेवला, शेजारी यूपीएस. दोन डिस्कचं रेड-1 केलं. इथेच बरेच जण फसतात. रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, पण चुकून फाईल डिलीट केली तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअपसाठी रोज रात्री नऊला बाहेरच्या डिस्कवर कॉपी होईल अशी स्क्रिप्ट लिहिली. रोज "यशस्वी" असा मेसेज यायचा. मी खूश!

तीन आठवड्यांनी सहज फाईल परत काढून बघितली, तर फोल्डर रिकामं! दिवाणजी हिशेब अजूनही आपल्याच कॉम्प्युटरच्या सी ड्राईव्हमध्ये ठेवत होते. माझी स्क्रिप्ट रोज रात्री रिकामं फोल्डर इमानेइतबारे कॉपी करत होती. चूक दिवाणजींची नव्हती. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

मोठ्यांचंही असंच होतं. 27 जून 2017 ला नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली. आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामसुद्धा अडलं. कंपनीच्या नेटवर्कचा कणा असलेले जगभरातले सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची कॉपी ठेवत होते, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक. का? तिथे लाईट गेली होती! लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्या आम्हा वैदर्भीयांना हे वाचून मजा वाटली. पण धडा सरळ आहे: एक कॉपी तरी नेटवर्कच्या बाहेर आणि दुसऱ्या जागी हवीच. आमच्याकडे आता दोन डिस्क आहेत. दर शनिवारी एक दिवाणजींच्या डब्याच्या पिशवीतून त्यांच्या गावी जाते, दुसरी परत येते. महिन्यातून एकदा एक फाईल परत काढून बघायची, हा नियम.

आता सर-मॅडमना एक विनंती. रेडच्या लेव्हल्सवर शॉर्ट नोट आम्ही झोपेतही लिहू. त्यापेक्षा एक प्रॅक्टिकल असं ठेवा: सर्व्हर पुसलेला, हातात फक्त बॅकअप, एका तासात सगळं परत चालू करा. किती जण पास होऊ?

आणि हॉस्टेलकरांनो, आज मेसमधून आल्यावर शेजारच्या रूममधला लॅपटॉप घ्या आणि आपला प्रोजेक्ट रिपोर्ट बॅकअपमधून उघडून दाखवा. उघडला, तर तो बॅकअप. नाहीतर ती नुसती आपली समजूत.

बघा, पटतंय का!