दोन किल्ल्यांची बंदूक

बँकेत तेहेतीस वर्षे काढलेल्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात : ठेव कुठे ठेवू आणि जामीन राहू का? गेल्या वर्षी माझ्या भाच्याने तिसराच प्रश्न विचारला. तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरी करतो. आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार होतो, त्याच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला. ‘‘मामा, तुम्ही आलात की एक जुनी लष्करी रायफल बघायला जाऊ. स्वस्तातली हवी. जुन्या मालाचं मोल तुम्हाला बरोबर कळतं.’’

साताऱ्याला ताईच्या कानावर हे गेले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘‘घरात आठ वर्षांचं पोर आहे. काय ते बघा.’’ हे ती मुलाला नाही, मला म्हणाली. म्हणजे जबाबदारी कोणावर आली, ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आपल्याकडे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवणे हेच एक मोठे प्रकरण, आणि लष्करी मापाची ‘थ्री नॉट थ्री’ सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. म्हणून तर आपल्या सरकारी कारखान्याने तिच्याच धाटणीची, पण .३१५ मापाची रायफल नागरिकांसाठी काढली. नेमबाजी म्हटले की आपल्याला आठवतात ते कोल्हापूरकडचे दोघे : २०१० सालची विश्वविजेती तेजस्विनी सावंत आणि २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिक कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसळे. त्यांची रायफल .२२ ची, हलक्या गोळीची.

अमेरिकेतली गोष्ट निराळी. दोन महायुद्धे संपली, स्वयंचलित शस्त्रे आली आणि देशोदेशींच्या सैन्यांनी आपली गोदामे रिकामी केली. तो माल व्यापाऱ्यांनी जहाजे भरून तिकडे नेला. प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा, अशा या रायफली. रशियाची मोसिन-नागान्त तर कोट्यवधींच्या संख्येने बनली; एके काळी ती शंभर डॉलरच्या आत मिळे. आज तिलाही त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. भाच्याचे म्हणणे साधे होते. ‘‘तासाभरात वीस गोळ्या. प्रत्येक गोळीला श्वास सांभाळायचा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला तेवढं पुरे.’’ त्याने पाचशे डॉलर बाजूला काढले होते.

मी आधी कागद-पेन्सिल मागितली. कर्ज मागायला येणारा माणूस ट्रॅक्टरची किंमत सांगतो, डिझेलची सांगत नाही. बंदुकीचे डिझेल म्हणजे गोळी. जुन्या लष्करी मापाच्या एकेका गोळीला आज डॉलर-दीड डॉलर पडतो. महिन्याला दोन फेऱ्या, फेरीला वीस गोळ्या, म्हणजे महिन्याला चाळीस. दीड डॉलरने वर्षाचे सातशे वीस डॉलर झाले! बंदुकीपेक्षा एका वर्षाची गोळीच महाग. शिवाय पूर्वी मोसिनच्या स्वस्त गोळ्या पत्र्याच्या सीलबंद डब्यांतून येत. २०२१ साली अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयातीचे परवाने थांबवले. त्या जुन्या गोळ्यांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत क्षार साचतो आणि त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली नाही तर नळी गंजते. तेव्हा पहिला नियम ठरला : बंदूक नंतर, आधी तिची गोळी उद्या मिळेल का ते पाहायचे.

दुकानात तीन रायफली समोर आल्या. मी मात्र हात पाठीमागे बांधून उभा होतो. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक बाळगू नये असा तिथला कायदा आहे. भाचा ग्रीनकार्डवाला, त्याला अडचण नव्हती. मी फक्त डोळ्यांनी मूल्यांकन करणार होतो.

पहिली रायफल बघितली आणि माझे मूल्यांकन तिथेच संपले. पोलादावर इशापूरची खूण होती. कोलकात्याजवळच्या त्या कारखान्यात १९६२ च्या चीन युद्धानंतर थ्री नॉट थ्रीचाच सांगाडा घेऊन, अधिक मजबूत पोलाद वापरून, ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी ही रायफल बनवली गेली. कॉलेजात एनसीसीच्या परेडला मी थ्री नॉट थ्री खांद्यावर वाहिली आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांच्या पिढीची ती बंदूक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर रेल्वेच्या पोलिसांच्या हाती याच जुन्या बंदुका होत्या, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना निरोप दिला. आपल्या मातीतली वस्तू सातासमुद्रापार एका लाकडी घोडीवर उभी आणि तिला हात लावायची मला मुभा नाही! मी म्हणालो, ‘‘हीच घे.’’

भाच्याने माझ्याकडे पाहिले. ‘‘मामा, तारण न तपासता?’’

दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने मग तपासणी दाखवली. आधी नंबर पाहिले. बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर जुळेना. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच बंदुकीचा. मग त्याने गोळीच्या आकाराचे पोलादी गेज काढले. बोल्ट मिटल्यावर गोळीच्या मागे किती जागा उरते ते यावरून कळते, तिला हेडस्पेस म्हणतात. पहिल्या गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. दुसऱ्यावर तो सहज मिटला. शेवटच्या मर्यादेचे तिसरे गेज घातले, त्यावरही मिटला. एवढी जागा राहिली तर पितळी काडतूस ताणून फाटू शकते, आणि तापलेला वायू येतो तो थेट डोळ्याकडे. कारागिराने रायफल मुकाट्याने मागे ठेवली. गावचा माणूस, ओळखीचे नाव, म्हणून मंजूर केलेली कर्जे पुढे कशी बुडतात हे मी आयुष्यभर पाहिले आहे. तरीही त्या दिवशी मी नावावरच सही करायला निघालो होतो.

दुसरी मोसिन. दिसायला दणकट, पण नळीचे तोंड आतून झिजले होते आणि झीज लपवायला थोडे भोक पाडून आतले आटे मागे सरकवले होते. असे असूनही ती बरी मारते, असे कारागीर म्हणाला. पण गोळीचा हिशेब आम्ही आधीच केला होता.

तिसरी स्वित्झर्लंडची, १९३१ ची घडण. दस्त्याचे लाकूड खालून काळवंडलेले, ठेचकाळलेले, त्यामुळे गिऱ्हाईक तिच्याकडे बघत नव्हते. कारागिराने दिवा धरला. आतली नळी आरशासारखी, आटे धारदार, नंबर जुळलेले, गेजला बोल्ट चोख. दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टी काढली तर आत पिवळट चिठ्ठी : सैनिकाचे नाव आणि पत्ता. स्विस जवान आपल्या रायफलीत अशी चिठ्ठी ठेवत. दोन्ही महायुद्धांत तो देश लढाईत उतरलाच नाही. ही बंदूक बहुधा कोणाच्याच जिवावर उठली नसेल. किंमत मात्र भाच्याच्या पाचशेच्या पुढे होती.

तो दुर्बिणीची हौस सोडून जादा पैसे भरायला तयार झाला. मी त्याला थांबवले, आणि त्याचे कारण बंदुकीत नव्हते.

माझ्या उमेदीच्या काळात एका तालुक्याच्या शाखेत होतो. रखवालदार बारा बोअरची बंदूक पुसत बसला होता. मी हटकले तर म्हणाला, ‘‘रिकामी आहे साहेब.’’ पुढच्या क्षणी कानठळ्या बसल्या. छर्रे पेन्शनच्या फायलींच्या लाकडी कपाटात घुसले, छातीच्या उंचीवर. मिनिटभरापूर्वी त्याच कपाटाला टेकून एक म्हातारी पेन्शनर उभी होती. अंगठा उठवायला म्हणून ती टेबलाकडे सरकली, तेवढ्याने वाचली. रखवालदार वाईट माणूस नव्हता. वीस वर्षे त्याने ती बंदूक सांभाळली होती. म्हणूनच त्याला ती रिकामी वाटली.

भाच्याला मी म्हणालो, ‘‘आपल्या स्ट्राँगरूमला किल्ल्या किती असतात?’’

‘‘दोन. दोन अधिकाऱ्यांकडे.’’

‘‘प्रामाणिक अधिकाऱ्यांकडेसुद्धा दोनच. तो अविश्वास नव्हे, ती व्यवस्था.’’

त्या दिवशी आम्ही बंदूक न घेता बंदुकीचे पोलादी कपाट घेऊन घरी आलो. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीची एक सोय अशी की बोल्ट हाताने काढता येतो. बोल्ट नसलेली रायफल म्हणजे लोखंडी नळी. तेव्हा असे ठरले : रायफल कपाटात, त्याची किल्ली भाच्याकडे. बोल्ट आणि गोळ्या दुसऱ्या खोलीतल्या पेटीत, तिची किल्ली भाचेसुनेकडे. दोघांचे मत एक झाल्याशिवाय बंदूक, बंदूक होणार नाही. भाचेसून तोवर या प्रकरणात गप्प होती. ती म्हणाली, ‘‘असं असेल तर माझी हरकत नाही.’’ आठ वर्षांच्या नातवालाही समोर बसवून सगळे सांगितले. लपवलेली वस्तू मुले शोधतातच.

स्विस रायफल पुढच्या महिन्यात आली. घेताना तिथला सरकारी फॉर्म भरावा लागतो आणि दुकानदार भाच्याची माहिती राज्य पोलिसांमार्फत तपासून घेतो; ही पद्धत १९९८ पासूनची. त्यात पहिल्याच काही प्रश्नांत विचारतात : ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात ना? बेनामी व्यवहाराची अशी सरळ विचारणा वाचून माझ्यातला बँकवाला सुखावला. मात्र त्या देशात अशा फॉर्मानंतरही काय काय घडते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. घरात काय करायचे, ते घरच्यांनीच ठरवायचे असते.

स्वस्त म्हणजे काय, याचे माझे उत्तर आता पक्के झाले आहे. जिची नळी, नंबर आणि गेज चोख, जिची गोळी उद्याही मिळेल, आणि जिच्या कपाटाचे पैसे आधी बाजूला काढले आहेत, ती बंदूक स्वस्त. कपाटाला पैसे उरत नसतील, तर फुकट मिळाली तरी ती परवडत नाही.

परत आल्यावर ताईला सगळे सांगितले. दुसरी किल्ली सुनेकडे आहे, हे ऐकल्यावर ती म्हणाली, ‘‘मग ठीक आहे.’’