गाव पाहावे कसे?

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास आपण विचारतो, "काय काय पाहिले?" तो देवळे, किल्ले, राजवाडे यांची नावे भराभर सांगतो. परंतु "तेथील माणसे कशी राहतात?" असे विचारले की, बहुधा तो गप्प बसतो. माझ्या मते त्याने गाव पाहिलेच नाही. गावातील इमारती मात्र पाहिल्या.

इटलीतील सिएना या प्राचीन नगराचे उदाहरण घ्या. तेथील भव्य चौक पाहण्यास देशोदेशींचे लोक येतात. पण त्या नगराचा प्राण त्याच्या १७ पेठांत आहे. गरुड, गोगलगाय, कासव, साळिंदर, लाट अशी त्यांची नावे! प्रत्येक पेठेचे निशाण, प्रार्थनामंदिर, संग्रहालय आणि कारंजे निराळे. दरवर्षी २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशी चौकात घोड्यांची शर्यत होते. १७ पैकी १० पेठांचे घोडे चौकाला तीन फेऱ्या घालतात. सारी शर्यत दीड मिनिटाच्या आसपास आटोपते, आणि बक्षीस काय, तर एक रंगविलेले रेशमी निशाण! प्रवासी शर्यत पाहून निघून जातो. परंतु आदल्या रात्री भर रस्त्यात लांबच लांब मेजे मांडून पेठेतील आबालवृद्ध एकत्र जेवतात, ते ज्याने पाहिले, त्यालाच सिएना कळली असे मी म्हणेन.

पण एवढ्या दूर कशाला जावे? बदलापूरजवळच्या चामटोलीतील एखादा मुलगा म्हणेल, "आमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?" बाळा, तू नीट पाहिलेस का? बदलापूर या नावाचीच कथा ऐक. पूर्वी येथे घोडे बदलीत, म्हणून ते बदलापूर, असे लोक सांगतात. जवळच अंबरनाथला इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. पलीकडे उल्हासनगर. १९४७ च्या फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव तेथील लष्करी छावण्यांत राहिले. १९४९ मध्ये त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील भाग आजही 'कॅम्प' म्हणूनच ओळखले जातात, आणि चेटीचंडला तेथे झुलेलालाचा उत्सव होतो. ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांनी आपला सण मात्र जपला.

आता या परिसरात उंच उंच इमारती उठत आहेत. गावोगावचे लोक राहावयास येत आहेत. जुन्या रहिवाशांना नवे परके वाटतात, आणि नव्यांना जुन्या गावाची माहिती नसते. भिंतीला भिंत लागली, तरी मनाला मन लागत नाही.

आपल्या आळीचा अभिमान बाळगावा. परंतु त्या अभिमानापोटी दुसऱ्या आळीचा तिरस्कार करू नये. सिएनातही काही पेठांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आहे. ते तिच्याकडून शिकू नये. शिकावी ती पंगत.

म्हणून, मुलांनो, येत्या सुटीत दोन घरी जा. एक तुमच्या आळीतील सर्वांत वृद्ध माणसाचे आणि दुसरे सर्वांत नव्या बिऱ्हाडाचे. पहिल्या घरी गावाची गोष्ट ऐका, आणि दुसऱ्या घरी ती सांगा. गाव पाहण्याची खरी सुरुवात तेथूनच होते.