शेअरिंग चालत नाही? आधी थांबा!

सुट्टीत घरी गेलं की आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांची एक ड्युटी हमखास लागते. आपण सिव्हिलचे आहोत की मेकॅनिकलचे, कोणी विचारत नाही. "तू इंजिनिअर ना? मग एवढं बघ ना जरा!" हे "एवढं" म्हणजे बहुतेक वेळा घरातला जुना कॉम्प्युटर आणि नवीन लॅपटॉप यांचं भांडण. जुन्यावर बाबांचे दहा वर्षांचे हिशोब आणि ताईच्या लग्नाचे फोटो, आणि ते नवीनवर काही केल्या येत नाहीत.

यावर घरोघरी आणि आपल्या हॉस्टेलच्या रूम-रूममध्ये एकच रामबाण उपाय फिरतोय. "एसएमबी १ चालू कर, फायरवॉल बंद कर, एव्हरीवनला फुल कंट्रोल दे. होऊन जाईल!" माझं स्पष्ट मत असं, की हा उपाय बहुतेक वेळा गरजेचाच नसतो, आणि जिथे लागतो तिथे तो धोक्याचा असतो. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मराठी थोडी सांभाळून घ्या. मुद्दा मात्र नीट ऐका.)

एसएमबी म्हणजे विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांना फाइल देताना जी भाषा बोलतात ती. तिचा जन्म १९८३ मध्ये आयबीएममध्ये झाला. २००७ साली व्हिस्टाबरोबर तिची दुसरी आवृत्ती आली आणि विंडोज ८ बरोबर तिसरी. एक्सपीला फक्त पहिली येते. विंडोज ७ ला दुसरी उत्तम येते. आता सांगा, विंडोज ७ आणि विंडोज ११ यांच्यात फाइल जात नसेल तर एसएमबी १ चालू करून काय मिळणार? दोघांनाही समजेल अशी नवी भाषा असताना आपण त्यांना आजोबांची बोली शिकवतोय!

आणि ही बोली साधीसुधी नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा किडा सुटला. जवळजवळ १५० देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर लॉक झाले, ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. तो शिरला एसएमबी १ मधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्चमध्येच दिला होता, लोकांनी टाकला नव्हता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्याने पसरण्यासाठी जे मार्ग वापरले त्यात हेच भोक होतं, आणि आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी १ आपोआप बसवणं बंद झालं.

कोणी म्हणेल, "आमच्या घरच्या नेटवर्कवर कोण हॅकर येणार?" कोणी यायची गरजच नाही. असा किडा पत्ता विचारत नाही, समोर दिसेल त्या मशिनमध्ये शिरतो. आणि आपला लॅपटॉप काही घरीच राहत नाही. घरी केलेलं सेटिंग बॅगेतून हॉस्टेलवर येतं, आणि इथे एका विंगमध्ये किती लॅपटॉप एका नेटवर्कवर असतात ते मोजा. अपडेट केलेल्या विंडोज ११ मध्ये ते भोक बुजवलेलं आहे, हे मान्य. पण एसएमबी १ मध्ये एन्क्रिप्शन नाही, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच ती वापरू नका म्हणते.

मग करायचं काय? मी म्हणते, क्रमाने जा.

पहिलं, दोन्ही मशिन एकाच नेटवर्कवर आहेत का? राउटरच्या गेस्ट वायफायवर कॉम्प्युटरना बहुतेक वेळा एकमेकांशी बोलू देत नाहीत. दुसरं, नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट? विंडोज ११ नव्या वायफायला पब्लिक धरतं आणि शेअरिंग अडवतं. घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करा, फाइल शेअरिंग ऑन करा. फायरवॉल बंद करायची काही गरज नाही.

तिसरं, नेटवर्कच्या लिस्टमध्ये जुना कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून घाबरू नका. दिसणं वेगळं आणि जोडणं वेगळं. ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्याचा आयपी ॲड्रेस टाइप करा. कितीतरी वेळा फोल्डर तिथेच उघडतो.

चौथं, आणि खरी गोम इथेच आहे: पासवर्ड. पूर्वी बिनपासवर्डचं, गेस्ट म्हणून शेअरिंग सर्रास चालायचं. २०२४ च्या २४एच२ अपडेटनंतर विंडोज ११ प्रो ते नाकारतं. शिवाय लॅपटॉप उघडताना आपण जो पिन टाकतो तो त्या मशिनपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. म्हणून ज्या मशिनवर फाइल आहेत तिथे एक वेगळा लोकल युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि त्याच एका फोल्डरची परवानगी द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

राहिला एक्सपी. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. त्यावरचा डेटा पेन ड्राइव्हने काढा. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, एवढं लक्षात ठेवा. डेटा फारच असेल तर नवीन मशिनवर एसएमबी १ चा फक्त क्लायंट चालू करा, इंटरनेट तोडून सगळं एकदाच कॉपी करा आणि ती टिक लगेच काढा. मग त्या म्हाताऱ्या मशिनवर हलकं लिनक्स टाका. त्यातलं सांबा २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ आपणहून वापरत नाही. आणि एखाद्या जुन्या कार्डासाठी एक्सपीच हवा असेल, तर त्याची नेटवर्क केबल काढून ठेवा.

"चाललं ना? मग झालं!" ही वृत्ती आपल्याकडे वर्कशॉपपासून प्रोजेक्टपर्यंत सगळीकडे आहे. पण घरचे लोक आपल्यावर विश्वास ठेवून पासवर्ड हातात देतात. आपण काय उघडं ठेवून गेलो, हे त्यांना कधीच कळणार नाही. कळेल ते बाबांचे हिशोब लॉक झाल्यावर, आणि तेव्हा आपण सबमिशनमध्ये असू.

तेव्हा आज रात्री एवढं कराच. लॅपटॉपवर विंडोज फीचर्सची खिडकी उघडा आणि एसएमबी १.० समोर टिक आहे का बघा. असेल तर काढा. शेजारच्या रूममध्येही सांगा.